नोकरी अशक्य ठरवलेला विद्यार्थी

1953 साली कॅलिफोर्नियातल्या 14 वर्षांच्या एड रॉबर्ट्‌सला पोलिओ झाला आणि मानेखालचे शरीर जवळजवळ पूर्ण लुळे पडले. श्वासासाठी त्याला लोखंडी फुप्फुसात, म्हणजे माणूस आत झोपवून हवेच्या दाबावर त्याची छाती हलवणाऱ्या अवजड यंत्रात राहावे लागे. शाळा बरीचशी घरूनच, टेलिफोनच्या तारेवरून झाली. अभ्यास पुरा झाला, तरी मुख्याध्यापकांनी दाखला अडवला. कारण काय, तर शारीरिक शिक्षण आणि मोटार चालवणे हे दोन विषय राहिले होते! आई झोना थेट शिक्षण मंडळाकडे गेल्या, तेव्हा कुठे दाखला हाती आला.

त्यापुढचा नकार अधिक गंभीर होता. राज्याच्या पुनर्वसन विभागाने शिक्षणाचा खर्च द्यायचे नाकारले, कारण या मुलाला नोकरी लागणे शक्यच नाही असा त्यांचा निष्कर्ष होता. वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर विभाग नमला.

1962 मध्ये एड बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. ते यंत्र मावेल अशी खोली वसतिगृहात नव्हती, म्हणून विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात त्याची राहण्याची सोय झाली. पुढच्या वर्षी असाच दिव्यांग विद्यार्थी जॉन हेसलर तिथे आला, मग आणखी काही जण. या मुलांनी स्वतःला ‘रोलिंग क्वाड्‌स’ असे नाव दिले. रुग्णालयात राहूनही रुग्ण म्हणवून घ्यायला ते तयार नव्हते, आणि सगळ्या बदलाचे मूळ मला इथेच दिसते. त्यांच्या खटपटीतून 1970 मध्ये विद्यापीठात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी खास कार्यक्रम सुरू झाला. मदतनीस मिळवून देणे, राहण्याजोगी घरे शोधणे, बिघडलेल्या चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करणे अशी अगदी रोजची कामे तो करी. 1972 मध्ये त्याच धर्तीवर, विद्यापीठाबाहेरच्या दिव्यांगांसाठीही, बर्कली शहरात स्वतंत्र जीवन केंद्र उभे राहिले. आणि 1975 मध्ये, ज्या खात्याने रॉबर्ट्‌स यांना नोकरीसाठी नालायक ठरवले होते, त्याच खात्याचे संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

रॉबर्ट्‌स यांच्या आईला जे भांडून मिळवावे लागले, त्यातले बरेच आज अमेरिकेत कायद्याने मिळते. विशेष शिक्षणाच्या कायद्यात 1990 साली ‘ट्रान्झिशन’ची, म्हणजे शाळेनंतरच्या आयुष्याच्या आखणीची तरतूद आली. आता विद्यार्थी 16 वर्षांचा होईपर्यंत त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात पुढचे शिक्षण वा प्रशिक्षण, नोकरी आणि गरज असल्यास स्वतंत्र राहणे यांची उद्दिष्टे लिहावीच लागतात. या आखणीच्या बैठकीला विद्यार्थ्याला बोलावणे शाळेवर बंधनकारक आहे.

शाळा संपताच मात्र हा आराखडा संपतो. शाळेला मुलाची गरज स्वतः हुडकावी लागते, कॉलेजवर ते बंधन नाही. जादा वेळ, लेखनिक, सांकेतिक भाषेचा दुभाषी यांपैकी काहीही हवे असेल, तर आपले अपंगत्व सांगून, कागदपत्रे देऊन विद्यार्थ्यानेच मागायचे असते. जो मुलगा 18 वर्षे आईवडिलांच्या तोंडून बोलला, तो इथे अडतो. हुशार मुलेही अडतात.

म्हणून अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांना कळकळीची विनंती : आराखड्याच्या बैठकीला मुलाला सोबत न्या, आणि पुढे काय करायचे हे विचारले की उत्तर त्यालाच देऊ द्या. त्याला वेळ लागला तरी थांबा.