चिंता, ‘मी’ आणि विवेकनिष्ठ मानसोपचार

• जनक : अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७). सुरुवात १९५५, न्यूयॉर्क. आजचं नाव आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेव्हियर थेरपी).

• सूत्र : घटना, समजूत, परिणाम. मुलाखत ही घटना. ‘निवड झाली नाही तर मी कुचकामी’ ही समजूत. घशाला कोरड हा परिणाम. काम करायचं ते समजुतीवर.

• फरक : आत्मप्रतिष्ठा यशापयशाबरोबर वर-खाली होते. विनाअट आत्मस्वीकारात मोजमाप कृतीचं, माणसाचं नव्हे.

• गृहपाठ : भीड चेपण्यासाठी एलिस रुग्णांना भुयारी रेल्वेत स्टेशनांची नावं मोठ्यानं पुकारायला लावत. लोक बघतात, मग आपापल्या स्टेशनावर उतरतात.

• महाराष्ट्रात ही पद्धत रुजवली कि. मो. फडके यांनी.

• मदत हवी? मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेलिमानस १४४१६. चोवीस तास, विनाशुल्क, मराठीतही.