रक्तदाबाचे यंत्र घरात आले. आता वही घाला

गेल्या काही वर्षांत आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातही रक्तदाब मोजण्याचे यंत्र घरोघरी दिसू लागले आहे. नोकरीला असलेला मुलगा सणाला घरी येताना आईवडिलांसाठी ते घेऊन येतो. औषधांच्या दुकानातही थर्मामीटरच्या शेजारी ते मांडलेले असते. ही गोष्ट चांगलीच आहे. पण यंत्र घरात आले म्हणजे काळजी मिटली, असे मात्र होत नाही.

माझ्या दवाखान्यात दोन तऱ्हेचे यंत्रवाले रुग्ण येतात. पहिला दिवसातून दहा वेळा पट्टा बांधतो आणि प्रत्येक आकड्याला घाबरतो. दुसऱ्याला एक दिवस १२४/७८ असा आकडा दिसतो आणि ‘बी.पी. नॉर्मल झाले’ म्हणून तो गोळी बंद करतो. पहिल्याची झोप उडते. दुसऱ्याचे नुकसान त्याहून मोठे होण्याची भीती असते. दोघांचीही चूक एकच: ते एका आकड्यावर विसंबतात.

आकडा सतत का बदलतो?

हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते तेव्हा रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल होते तेव्हा उरणारा दाब म्हणजे खालचा आकडा. दंडाला पट्टा बांधून हा दाब मोजण्याची पद्धत रिव्हा-रोच्ची या इटालियन डॉक्टरांनी १८९६ साली दाखवून दिली. पुढे १९०५ साली कोरोटकॉफ या रशियन डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून धमनीतले आवाज ऐकण्याची जोड तिला दिली. त्या काळच्या पाऱ्याच्या नळीवरून आजही आपण हा दाब ‘मिलिमीटर पारा’ या मापात सांगतो.

घरचे यंत्र आवाज ऐकत नाही. पट्ट्यातली हवा सुटत असताना धमनीच्या ठोक्यांमुळे त्या हवेत जी बारीक थरथर होते, तिच्यावरून ते हिशेब करते. आपण बोललो, हात हलवला, तर ती थरथर बिघडते आणि आकडाही चुकतो.

शिवाय खुद्द रक्तदाबच दिवसभर स्थिर नसतो. जिना चढला, लघवी तुंबली, थंडी वाजली, घरात वादावादी झाली की तो वाढतो, आणि गाढ झोपेत उतरतो. एका दिवसाच्या कांद्याच्या भावावरून सालाचा हिशेब कोणी मांडत नाही. रक्तदाबाचेही तसेच आहे.

दवाखान्यातला आणि घरचा

पुष्कळांचा रक्तदाब डॉक्टरांसमोर बसल्यावर वाढतो. याला ‘पांढऱ्या कोटाचा रक्तदाब’ म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचा आकडा दर खेपेला १५० च्या पुढे भरे. त्यांना आठवडाभर घरी मोजून लिहून आणायला सांगितले, तर सरासरी १२६/७८ निघाली. त्यांना गोळी लागली नाही. अशा माणसांना पुढे खरा रक्तदाब जडण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून त्यांनी अधूनमधून मोजत राहणे मात्र जरूर आहे.

याच्या उलटही घडते. माझ्या ओळखीचे एक किराणा व्यापारी दुपारी दुकान बंद करून निवांत दवाखान्यात येत, तेव्हा आकडा १३४/८४ असे. घरच्या वहीत मात्र सकाळचे आकडे १५० च्या आसपास होते. हा लपलेला रक्तदाब. तो दवाखान्यात सापडत नाही, पण हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड यांचे नुकसान करायचे थांबत नाही. घरच्या यंत्राची खरी किंमत अशा ठिकाणी कळते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दवाखान्यात १४०/९० ही जी सीमा आपण मानतो, ती घरच्या मोजणीत १३५/८५ धरतात. कारण घरी माणूस निवांत असतो. वरच्या किंवा खालच्या, कोणत्याही एका आकड्याची सरासरी या सीमेला पोहोचली तरी डॉक्टरांना दाखवावे.

मोजावे कसे?

यंत्र दंडाला पट्टा बांधण्याचेच घ्यावे. मनगटाचे यंत्र सोयीचे दिसते, पण हात थोडा वरखाली झाला की आकडा बदलतो. बोट टेकवून रक्तदाब सांगणाऱ्या मोबाइलवर तर अजिबात विसंबू नये. पट्ट्याचे माप महत्त्वाचे आहे. यंत्राबरोबर येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. जाड दंडाला तो अपुरा पडतो आणि आकडा खोटाच जास्त येतो. टेपने दंड मोजून त्या मापाचा पट्टा मागून घ्यावा.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, विडी, तंबाखू आणि मिश्री वर्ज्य. मिश्रीत तंबाखूच असतो, हे आमच्या भगिनी विसरतात. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पाय जमिनीवर टेकलेले असावेत. मांडी घालू नये, पायावर पाय टाकू नये. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटे वर बांधावा. ब्लाउजची किंवा स्वेटरची बाही वर सरकवून दंडाला काच बसत असेल, तर ती काढावी. हात टेबलावर असा ठेवावा की पट्टा छातीच्या पातळीवर येईल. हात दहा सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा सात-आठने जास्त दिसतो. यंत्र चालू असताना बोलू नये, आणि घरच्यांनीही त्या वेळी काही विचारू नये.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजून पाहावे. ज्या हातावर आकडा जास्त येतो, तोच हात पुढे नेहमी वापरावा.

केव्हा आणि किती वेळा?

निदान करताना किंवा गोळी बदलल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा, सलग सात दिवस मोजावे. सकाळी उठल्यावर तासाभरात, न्याहारी आणि गोळी घेण्यापूर्वी दोनदा. संध्याकाळी जेवणापूर्वी दोनदा. दोन मोजण्यांत एक मिनिटाचे अंतर असावे. साधी शंभर पानी वही घ्यावी आणि तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी आणि शेरा असे रकाने आखावेत. शेऱ्यात गोळी चुकली, जागरण झाले, ताप होता, असे लिहावे. दिसेल तो आकडा लिहावा. जास्त आला म्हणून खोडू नये, आणि मनासारखा येईपर्यंत पुन्हा पुन्हा मोजू नये.

पहिला दिवस सरावाचा म्हणून सोडून द्यावा आणि उरलेल्या सहा दिवसांच्या चोवीस आकड्यांची सरासरी काढावी. निर्णय त्या सरासरीवर होतो. एरवी रक्तदाब ताब्यात असेल, तर रोज मोजण्याची गरज नाही. किती दिवसांनी मोजायचे ते आपल्या डॉक्टरांशी ठरवून घ्यावे.

गोळी आपल्या मनाने नको

गोळी चालू असताना चांगला आकडा येतो, तो गोळीमुळे. ती बंद केली की काही दिवसांत दाब पुन्हा चढू लागतो, आणि बहुतेकांना त्या वेळी काहीच जाणवत नाही. डोके दुखत नाही म्हणजे रक्तदाब नाही, ही समजूत चुकीची आहे. आकडे सतत कमी येत असतील, उठताना चक्कर किंवा अंधारी येत असेल, तर वही दाखवावी; गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. वयस्कर माणसांनी उठून उभे राहिल्यावर पुन्हा मोजून तोही आकडा लिहावा.

कधी १८०/१२० किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर प्रथम पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे. छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, दिसेनासे होणे, यांतले काहीही बरोबर असेल तर यंत्र बाजूला ठेवावे आणि १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. ही लक्षणे असतील तर आकडा कमी दिसला तरी थांबू नये. काहीच त्रास नसेल आणि दुसऱ्यांदाही आकडा तेवढाच असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. शेजाऱ्याची गोळी किंवा आपलीच जादा गोळी घेऊ नये. पूर्वी कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची पद्धत होती. त्याने दाब एकाएकी कोसळून मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून ती सोडून देण्यात आली आहे.

ज्यांची नाडी अनियमित आहे, त्यांच्या बाबतीत हे यंत्र फसू शकते. त्यांनी डॉक्टरांकडूनही तपासून घ्यावे. गरोदर स्त्रीच्या बाबतीत १४०/९० आकडा आला तरी त्याच दिवशी दाखवावे, वाट पाहू नये. ज्यांना यंत्र परवडत नाही, त्यांनी मन खट्टू करू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात रक्तदाब मोफत मोजून मिळतो. तो आकडाही वहीत लिहावा.

आकडा पाहून घाबरणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की, ठरल्या वेळीच मोजा, लिहा आणि यंत्र कपाटात ठेवून द्या. चांगला आकडा पाहून गोळी सोडावीशी वाटणाऱ्यांनी ती सोडण्याआधी एकदा दवाखान्याची पायरी चढावी. आणि पुढच्या खेपेला तपासणीला येताना दोघांनीही वही आणि यंत्र, दोन्ही पिशवीत घालून आणावे. वहीवरून उपचार ठरतील आणि आमच्या यंत्राशेजारी ठेवून तुमचे यंत्र खरे बोलते की नाही, तेही वर्षातून एकदा पाहून घेता येईल.