गुरू ग्रह आणि तप्त तारे : दोघांचं ‘रेडिओ स्टेशन’ एकाच पद्धतीने कसं चालतं?

वाशीच्या मार्केटमध्ये ज्या नारायणगावचा टोमॅटो येतो, त्याच नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेना शेतशिवारात पसरल्या आहेत. या दुर्बिणीने शोधलेल्या काही तप्त ताऱ्यांत आणि आपल्या गुरू ग्रहात एक भन्नाट साम्य आहे.

गुरूची खरखर

१९५५ साली अमेरिकेत बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन यांच्या अँटेनावर अधूनमधून खरखर येऊ लागली. आधी वाटलं, जवळून जाणाऱ्या एखाद्या गाडीच्या इंजिनाचा हा प्रताप असेल. पण ती खरखर आकाशातल्या एका जागेबरोबर सरकत होती. तिथे होता गुरू!

हे घडतं कसं?

गुरूचं चुंबकीय क्षेत्र जबरदस्त आहे आणि तो जेमतेम १० तासांत स्वतःभोवती फिरतो. आयो या त्याच्या उपग्रहावरच्या ज्वालामुखींतून निघणारे वायू विद्युतभारित होऊन या क्षेत्रात अडकतात. त्यातले काही इलेक्ट्रॉन गिरक्या घेत ध्रुवांकडे धावतात. ढोलपथकात सगळ्यांचे टिपरू एकाच ठेक्यावर पडले की कसा दणका उठतो? तसेच हे इलेक्ट्रॉन एका तालात रेडिओ लहरी सोडतात आणि त्यांचा प्रखर झोत तयार होतो.

मग तारा काय करतो?

अगदी हेच! फक्त त्याला आयोची गरज नसते. चुंबकीय तप्त तारा आपल्या पृष्ठभागावरूनच कणांचा वारा सोडतो. कन्या राशीतला ‘सीयू व्हर्जिनिस’ हा सूर्याच्या सुमारे तिप्पट वस्तुमानाचा तारा साधारण साडेबारा तासांत एक फेरी मारतो. दीपगृहाच्या प्रकाशासारखा त्याचा झोत दर फेरीत पृथ्वीवरून जातो.

असे तारे दुर्मीळ समजले जात. पण २०२१मध्ये बर्नाली दास आणि पूनम चंद्रा यांच्या गटाने जीएमआरटीच्या मदतीने असे आठ नवे तारे शोधले.

म्हणजे गुरू हा ‘फसलेला तारा’ आहे?

सोशल मीडियावर तसं फिरत असतं खरं. पण तारा व्हायला गुरूचं वस्तुमान जवळपास ८० पट हवं होतं. साम्य आहे ते चुंबकीय क्षेत्र आणि वेगवान गिरकीचं.

आपला काय संबंध?

पुणे-नाशिक रेल्वेचा आधीचा आराखडा या दुर्बिणीजवळून जात होता. निरीक्षणांत अडथळा येईल म्हणून तो मार्ग बदलायचं ठरलं आणि नारायणगाव परिसरात नाराजी पसरली. ती समजण्यासारखी आहे. पण इतक्या दुरून येणारा संकेत फारच क्षीण असतो. १९५५मध्ये गुरूला गाडीचं इंजिन समजण्याची चूक लवकर सुधारली. दुर्बिणीशेजारी रोजच गोंगाट असेल, तर खरा तारा ओळखायचा कसा?