फॅब लॅब म्हणजे काय? पहिल्यांदा जाताना काय न्यायचं, काय टाळायचं

गेल्या वर्षी आमच्या घरघंटीचा नॉब तुटला. तोच तो, चालू-बंद करायला फिरवतो तो. आई शेजारपाजारच्यांची दळणं करून देते, घरातला बराचसा किराणा त्यावर भागतो. त्यामुळे मशीन बंद ठेवणं शक्यच नव्हतं. ती उघड्या दांडीला पक्कड लावून काम चालवत होती आणि ते बघून माझ्या पोटात गोळा यायचा. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "हे मॉडेल बंद झालंय, नवीन मशीन घ्या." एवढ्याशा प्लास्टिकसाठी नवीन मशीन? तेव्हा एका मित्राने सांगितलं, "फॅब लॅबमध्ये जा, स्वतः बनव."

फॅब लॅब म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत, सगळ्यांनी मिळून वापरायची कार्यशाळा. गावात जशी वाचनालयं असतात ना, तसंच. फक्त पुस्तकांऐवजी मशिन्स. थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, सीएनसी, सोल्डरिंगचं सामान असं सगळं एका ठिकाणी मिळतं. ही कल्पना अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची (पुण्याची एमआयटी नव्हे!). तिथले प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांच्या कामातून ती वाढली.

आणि गंमत म्हणजे, त्या संस्थेबाहेर अगदी सुरुवातीला जी फॅब लॅब उभी राहिली ती आपल्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला! डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला होता. हाताने काम करत शिकायचं, ही तिथली पद्धत. 2002 च्या सुमारास फॅब लॅब तिथे आली.

पहिला धडा: लॅब तुम्हाला वस्तू करून देत नाही

मी तुटलेला नॉब घेऊन गेलो आणि तिथल्या ताईंना म्हणालो, "हा असा एक प्रिंट करून द्या." त्यांनी माझ्या हातात व्हर्निअर कॅलिपर दिला. "आधी मोज. बनवायचा तूच आहेस."

नॉब ज्या दांडीवर बसतो ती 6 मिमी जाडीची होती, एक बाजू सपाट, म्हणजे इंग्रजी डी अक्षरासारखी. ते माप घेऊन टिंकरकॅडमध्ये डिझाइन केलं. हे ब्राउझरमध्ये चालतं आणि फुकट आहे. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर बोटाने काम करणं मात्र अवघड जातं, म्हणून लॅबचा कॉम्प्युटर वापरा.

डिझाइनमधून एसटीएल फाइल मिळते. स्लायसर नावाचं सॉफ्टवेअर तिचे पातळ थर पाडतं, साधारण 0.2 मिमीचे. मग प्रिंटर प्लास्टिकची तार वितळवून एकावर एक थर देत जातो. पीएलए हे नेहमीचं प्लास्टिक 200 अंशांच्या आसपास वितळवून वापरतात.

माझा पहिला नॉब दांडीत शिरलाच नाही. का? मी भोक बरोबर 6 मिमीचं ठेवलं होतं. वितळलेलं प्लास्टिक थोडं पसरतं, त्यामुळे भोक मापापेक्षा लहान येतं. दुसऱ्यांदा 6.5 केलं तर नॉब गरागरा फिरायला लागला. तिसऱ्यांदा 6.2 केलं आणि घट्ट बसला. दोन नॉब वाया गेले, पण "गॅप ठेवायची" हे आता आयुष्यभर विसरणार नाही.

दुसरा धडा: हा तर थोडक्यात वाचलो

हुरूप आला होता. म्हटलं, आईसाठी "दळण करून मिळेल" अशी पाटी लेझरवर कापू. घरी पडलेला सनबोर्ड नेला आणि मशीनमध्ये ठेवला. ताई जवळजवळ ओरडल्याच, "थांब! हा पीव्हीसी आहे!"

पीव्हीसीमध्ये क्लोरीन असतं. लेझरने तो जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि ओलाव्याशी मिळून त्याचं ॲसिड होतं, जे मशीनच्या लेन्स आणि लोखंडी भाग खाऊन टाकतं. माझ्या एका पाटीपायी सगळ्यांची मशीन गेली असती. शेवटी पाटी ॲक्रिलिकची केली. म्हणून नियम एकच: मटेरियल कशाचं आहे हे नक्की माहीत नसेल तर लेझरखाली ठेवायचंच नाही. आणि लेझर चालू असताना मोबाइल बघत बाहेर जायचं नाही, आग लागू शकते.

पहिल्यांदा जाताना एवढं करा

1. आधी फोन करून वेळ आणि फी विचारा. प्रिंटिंगचे पैसे बऱ्याचदा ग्रॅमवर असतात.
2. तुटलेला भाग सोबत न्या. शेजारी पट्टी ठेवून त्याचे दोन-तीन बाजूंनी फोटो काढा.
3. वस्तू कुठे वापरणार ते सांगा. पीएलए साधारण 60 अंशांना मऊ पडतं. बाइकवरचा मोबाइल होल्डर त्याचा केलात तर मे महिन्याच्या उन्हात वाकेल. त्यासाठी पीईटीजी बरं.
4. विजेच्या वस्तूचा फक्त बाहेरचा भाग बनवा, तोही प्लग काढून. आतल्या वायरिंगला टेकणारा भाग घरी बनवू नका.
5. चाललेली सेटिंग आणि मापं लॅबच्या वहीत लिहून ठेवा, फसलेली सुद्धा.

जवळची लॅब कशी शोधायची?

फॅबलॅब्ज डॉट आयओ या साइटवर जगभरच्या लॅब नकाशावर दिसतात. तुम्ही सहावी ते बारावीत असाल तर शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का ते विचारा. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून 2016 पासून त्या सुरू झाल्या. लॅब असूनही कुलूपबंद असेल तर सरांच्या मागे लागा. मशीन धूळ खाण्यासाठी नसते.

वहीचा मुद्दा मी शेवटी मुद्दाम लिहिला. काही महिन्यांनी लॅबमध्ये गेलो तर एक मुलगा माझं पान उघडून बसला होता. त्याला कूलरचा नॉब करायचा होता, दांडी तीच 6 मिमीची. त्याने थेट 6.2 पासून सुरुवात केली. माझे दोन वाया गेलेले नॉब त्याचे वाचले.

आणि आमची घरघंटी? चालू आहे. पक्कड परत हत्यारांच्या डब्यात गेली.