पानं सांभाळा, सुगंध येईलच

मैत्रिणींनो, नर्सरीत गेल्यावर आपला हात कुठे जातो? जिथे फुलं लगडलेली असतात तिथे. कुंडी घरी येते, आठ-दहा दिवस कौतुक होतं, फुलं संपतात आणि मग त्या झाडाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पुढच्या वर्षी बहर आला नाही, की ‘माझ्या हाताला झाडच लागत नाही’ म्हणून आपण मोकळ्या! मोगरा, अनंत, कुंती ही बारा महिने हिरवी राहणारी झुडपं. त्यांचे फुलांचे दिवस मोजके, पण तयारी पानं वर्षभर करत असतात. पानं तजेलदार ठेवली, की सुगंध मागावा लागत नाही.

मोगऱ्याला रोज पाच-सहा तास ऊन हवंच. ‘पानं भरपूर, फूल एक नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा सावलीची किंवा राहून गेलेल्या छाटणीची असते. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करावं, फांद्या साधारण निम्म्या छाटाव्यात, वरची माती मोकळी करून शेणखत घालावं आणि मग पाणी हळूहळू वाढवावं. कळ्या नव्या फुटीवर येतात, म्हणून हात आखडू नका. उन्हाळ्यात ओंजळ भरेल.

अनंत मात्र मानी. मूळचा चीन-जपानकडचा, त्याला किंचित आंबट माती मानवते. आपल्याकडे बोअरचं जड पाणी रोज घातलं, की मातीतलं लोह त्याला घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपल्याला वाटतं, पाणी कमी पडलं. आपण आणखी घालतो आणि मुळं कुजतात! अशा वेळी शेणखत वाढवावं, खतांच्या दुकानात मिळणारं चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात द्यावं आणि पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवून तेच घालावं. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलू नये, माती कोरडी पडू देऊ नये, नाहीतर कळ्या न उमलताच गळतात. छाटणी बहर संपल्यावरच.

कुंती म्हणजे कामिनी. ही लिंबाच्या कुळातली, आपल्या कढीपत्त्याची नातलग. पाऊस पडून गेला, की काही दिवसांत झुडूप पांढरंशुभ्र होतं आणि वर्षातून असे बहर अनेकदा येतात. पण कित्येक सोसायट्यांत कुंतीचं कुंपण असूनही कुणाला तिचा वास ठाऊक नसतो. कारण माळीदादा दर महिन्याला कात्रीने तिला सपाट करतात आणि शेंड्यावरच्या कळ्या कचऱ्यात जातात. एका बहरापुरती कात्री थांबवायला सांगून बघा. मात्र जवळ संत्र्या-मोसंबीची बाग असेल तर कुंती लावू नका. त्या बागांना रोग पोचवणारी सिला कीड हिच्यावरही वाढते.

रातराणीने साप येतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. साप येतात उंदीर-बेडकांच्या मागे आणि अडगळीत लपायला, वासाने नव्हे. बुंध्याशी पालापाचोळा साठू देऊ नका, एवढं पुरे. तिची पानं-फळं विषारी असतात, तेव्हा लहान मुलं असलेल्या घरात जरा जपून. आणि घरात कुणाला दम्याचा त्रास असेल, तर ती खिडकीपासून लांबच बरी.

हा सगळा खटाटोप कशासाठी? आमच्या बचत गटातल्या एकीच्या सासूबाईंची दृष्टी काचबिंदूने गेली. सुनेने त्यांच्या खिडकीत मोगरा आणि खाली कुंती लावली. आता आजीच सांगतात, ‘अगं, कुंती फुललीय, बघ जाऊन.’ घरातली बातमी आजींकडून येते, ही केवढी गोष्ट! नवरा गेल्यावर गजरा माळणं सोडलेल्या, सोडायला लावलेल्याही, कितीतरी जणी मला कामानिमित्त भेटतात. दारातलं झाड सुगंध देताना कपाळावरचं कुंकू बघत नाही. आपणही बघू नये. चार फुलं जास्त फुलली, तर अशा शेजारणीच्या हातावर आवर्जून ठेवा.

जागा कमी असेल तर एकच झुडूप निवडा. बारा ते चौदा इंची कुंडी घ्या, तळाला भोकं आणि वर विटांचे तुकडे, मग माती, शेणखत, थोडं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. बोट मातीत खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी. पानांखाली पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला, तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब साबण मिसळून संध्याकाळी फवारा. पावसाळा तोंडावर आला, की नर्सरीत जा आणि या वेळी फुलं मोजू नका. ज्याची पानं गर्द हिरवी आणि शेंडे ताजे, तेच रोप घरी आणा.