दारातलं पिल्लू घरात घेताना

पावसाळा सरला की आपल्या बेंबळीत कडब्याच्या गंजीआड, देवळाच्या ओट्यामागं कुठं ना कुठं कुत्री व्यालेली दिसते. लेकरं पिल्लू कडेवर घेऊन घरी येतात. घरधनी म्हणतो, राहू दे, राखणीला होईल. पण भाकरी कुस्करायची, घाण काढायची, ते कुणाला चावलं तर शेजारणीचं ऐकून घ्यायचं, हे सगळं येतं बाईच्या वाट्याला. म्हणून हो म्हणायच्या आधी काय बघावं, ते आज बोलू.

पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत आईजवळच असू द्यावं. दात किती जोरानं लावायचे, हे ते भावंडांशी खेळताना शिकतं. तोवर त्याच्या आईला भाकरी घातली, तरी ती पिल्लाच्याच पोटात जाते.

घरात घेतल्यावर जंताचं औषध द्यावं, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस. महिन्याभरानं दुसरी, मग दरवर्षी एक. मोठं कुत्रं आणलं असेल तर वाट न बघता लगेच टोचून घ्यावं. गुरांच्या दवाखान्यात लस नसली तर दुकानातून आणावी लागते. ती बर्फ घातलेल्या डब्यातूनच न्यावी. उन्हात एसटीनं पिशवीत घालून आणलेली लस टोचून उपयोग नाही.

यावर आम्ही एवढा जोर देतो, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस बहुधा वाचत नाही. आपल्याकडं अजून चावल्यावर चटणी भरतात, चुना लावतात, मांत्रिकाकडं नेतात. यातलं काही करू नका. नळाखाली किंवा तांब्यानं पाणी ओतत साबणानं जखम पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथं लस फुकट मिळते. पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी परत जावं लागतं. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेतच आणखी एक वेगळं इंजेक्शन देतात, ते मागून घ्या. कुत्रं घरचं आहे, नुसतं नख लागलंय, म्हणून बसून राहू नका. आणि लेकरांना सांगा, चावलं तर लपवायचं नाही, कुणी रागावणार नाही. मार बसेल या भीतीनं लेकरं गप्प बसतात, तेच जास्त धोक्याचं.

खाण्याचं फार अवघड नाही. भाकरी, भात, अंडं, बिनतिखटाचं वरण चालतं. कांदा-लसूण घातलेलं कालवण नको. आपल्या भागात द्राक्षबागा आहेत, पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे असतात, मूत्रपिंड निकामी होतं. कोंबडीची शिजलेली हाडंही नकोत, ती फुटून घशात रुततात. कुत्रं खात असताना लेकरांनी त्याच्या ताटलीजवळ जायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

आता मादीचं. नर पिल्लू लगेच कुणीतरी नेतं. मादी मागं राहते, नाहीतर पोत्यात घालून परगावच्या शिवारात सोडली जाते. ‘तिच्या पिल्लांचं कोण बघणार?’ ही बोली आपल्या ओळखीचीच आहे. खरं तर राखणीत मादी कमी नसते. प्रश्न पिल्लांचा. कुत्री दोन महिन्यांत विते, वर्षातून दोनदाही विऊ शकते. त्याला उपाय आहे: साधारण सहा महिन्यांनंतर तिची नसबंदी करता येते, आणि ती केली की हा प्रश्न कायमचा मिटतो. गावातल्या भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही 2023च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ग्रामपंचायतीचीही जबाबदारी आहे. हे काम झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच असते आणि त्याला होतं त्याच जागी परत सोडायचं असतं. येत्या ग्रामसभेत गटानं मिळून हा विषय लेखी द्यावा. एकटीनं विचारलं तर हसण्यावारी नेतात.

शेवटचं, ज्यांच्या घरची माणसं ऊसतोडीला जातात त्यांच्यासाठी. टोळी दिवाळीच्या आसपास निघते आणि परतायला उन्हाळा उजाडतो. कुत्रं बरोबर नेणार, की मागं राहणाऱ्या सासूबाई त्याला भाकरी घालणार, हे पिल्लू आणायच्या आधी ठरवा. सासूबाईंना विचारून.