लुक्लाचा शेवटचा चढ

एव्हरेस्ट बेस कॅम्पहून आलेला माणूस ५,३६४ मीटर हा आकडा सांगतो आणि दगडासमोरचा फोटो दाखवतो. आमच्याही सगळ्यांच्या फोनमध्ये तो आहे. पण सगळा ट्रेक आता डोळ्यांसमोर आणला, की मला नामचे ते लुक्ला ही परतीची शेवटची चाल जास्त लख्ख आठवते. त्या दिवसाबद्दल कोणी फारसं बोलत नाही, कारण त्या दिवशी ‘बघण्यासारखं’ काही उरलेलं नसतं, असा एक समज आहे.

बेस कॅम्पला एका श्वासात समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा ऑक्सिजन मिळतो. शरीर त्यावर आपल्या परीने तोड काढतं. आधी श्वास वाढतो, मग मूत्रपिंडं कामाला लागतात. तांबड्या पेशी पुरेशा वाढायला तर आठवडे लागतात. म्हणून नामचेत एक जास्तीचा मुक्काम, दिंगबोचेत आणखी एक. हे सगळं जुळून येतं, पायांत बळ भरतं, भूक परत येते, आणि तेवढ्यात ट्रेक संपतो. वर जाताना नामचेच्या ज्या चढाने आम्हाला घामाघूम केलं, तिथून शेवटच्या दिवशी आम्ही चक्क गप्पा मारत उतरत होतो. अशा दमाने वर गेलो असतो तर, असं प्रत्येकाच्या मनात आलं असणार.

ग्रुपचंही तेच. सुरुवातीला पुणेकर एका टेबलावर, ठाणेकर दुसऱ्या. कोणाचं घोरणं, कोणाचं मेतकूट, खोलीतला चार्जर आधी कोणी लावायचा, यावरून कुरबुरी. लोबुचेला एका मुलीचं डोकं इतकं दुखत होतं की तिला वाकता येईना. तेव्हा बँकेतून निवृत्त झालेले आमचे काका काही न बोलता खाली बसले आणि तिच्या बुटांच्या नाड्या बांधू लागले. उतरताना त्यांच्या गुडघ्याने दगा दिला. लार्जा दोभानच्या उंच झुलत्या पुलाआधी तिने त्यांची सॅक ओढून घेतली. “अगं, राहू दे, पोर्टर नाही तू माझी,” काका म्हणाले. “काका, गप चला,” ती म्हणाली. आता कुठे हा ग्रुप झाला होता.

याच उतारावर पाइनच्या झाडांमधून एव्हरेस्टचं शेवटचं दर्शन होतं. गंमत अशी की ते पाठीमागे असतं. थांबून वळलं तर दिसतं, नाहीतर राहून जातं. आमच्यातले निम्मे फोनला रेंज शोधण्यात दंग होते.

पुढे जोरसल्ले, मोंजो, मग फाकदिंग. वाटेवर धापा टाकत वर येणारी माणसं विचारायची, नामचे किती राहिलं? सह्याद्रीतल्या प्रत्येक मामाने आम्हाला आजवर जे सांगितलं तेच आम्ही बिनदिक्कत सांगत होतो: हे काय, आलंच. फाकदिंग २,६१० मीटरवर, लुक्ला २,८६० वर. म्हणजे उतरायच्या दिवसाचा शेवट चढाने होतो. चेपलुंगनंतरच्या त्या चढावर कोणाचीही घाई नव्हती. गावाच्या वेशीवर पासांग ल्हामू शेर्पा यांच्या नावाची कमान आहे. १९९३ मध्ये एव्हरेस्टवर पोचलेली ही पहिली नेपाळी स्त्री. उतरताना तिचा मृत्यू झाला. त्या कमानीखाली काढलेल्या फोटोत आमच्यातलं कोणीच धड हसलेलं नाही.

संध्याकाळी टिपेचा विषय निघाला आणि इतक्या दिवसांची गोडी क्षणभर आंबली. शंभर भारतीय रुपयांचे एकशेसाठ नेपाळी, हा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ होता; पोर्टरला किती द्यायचे, यावर मात्र एकमत होईना. हजारोंचं जॅकेट अंगात घालून दोनशे रुपयांवर घासाघीस करणं मला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. पोर्टर आमच्या आधी निघायचे, आमच्या आधी पोचायचे. कपाळावर नाम्लो, म्हणजे भार पेलणारा पट्टा, पाठीवर आमच्या दोन-दोन डफल बॅगा. दमले की हातातली टोक्मा, ती आखूड दांड्याची काठी, भाराखाली टेकवायचे आणि उभ्याउभ्याच विसावा घ्यायचे. त्यातला एकही शेर्पा नव्हता. खालच्या गावांतले राई आणि तामांग होते. हे आम्ही त्यांना विचारलं ते या शेवटच्या संध्याकाळी, पाकिटं देताना. काहींनी फाटायला आलेले हातमोजेही मोठ्या मनाने देऊन टाकले. याला दान म्हणायचं तर म्हणा.

पाकिटं झाली, आणि लॉजवाल्या दिदीने स्पीकर लावला. ‘रेशम फिरिरी’ वाजायला लागलं. आधी पोर्टर उठले, मग ती मुलगी, मग गुडघ्याला पट्टा बांधलेले काका. नाचाला लुक्लात तसा जुना मान आहे. १९६४ मध्ये हिलरींनी शाळा-दवाखान्यांचं सामान आणता यावं म्हणून इथे धावपट्टी करून घेतली. जमीन नीट दबेना, तेव्हा शेर्पांना दारू पाजून त्यांना पाय आपटत नाचायला लावलं आणि माती बसवली, असं सांगतात. डांबर पडलं ते २००१ मध्ये.

सकाळी त्याच धावपट्टीवर आमची रांग. लांबी फक्त ५२७ मीटर, एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. उतरायचं चढावर, उडायचं उतारावर. ढग आले की सगळं बंद. आम्ही नंबर लागायची वाट बघत होतो, कोणी पुढच्या ट्रेकचं बोलत होतं, कोणी ऑफिसचे मेल चाळत होतं. एक विमान आलं, त्यातून नवा ग्रुप उतरला. कुंपणापाशी आमचे दोन पोर्टर उभे होते. आम्हाला वाटलं, निरोप द्यायला आलेत. त्यांनी हात हलवलाही. पण नजर सामानाच्या गाडीवर होती. नव्या बॅगा हाताने उचलून ते वजनाचा अंदाज घेत होते. आज फाकदिंग, उद्या नामचे.